परदेशी सेवेला निघण्यापूर्वी

(दादर येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



आपल्यापैकी काहीजण येत्या सुटीत नेपाळ, श्रीलंका, व्हिएतनाम, केनिया अशा देशांत ‘सेवाकार्या’साठी जाणार आहेत. त्यासाठी कोणती तयारी करावी यावर मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. तयारी म्हटली की लसी, व्हिसा, विमा, कपडे अशी एक यादी डोळ्यांपुढे येते. ती यादी तुम्हाला कोणीही देईल. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. त्यामुळे कोणतीही गोष्ट समोर आली की तिचा जमाखर्च पाहण्याची मला सवय आहे. आज मी तुमच्यापुढे परदेशी सेवेचा जमाखर्च ठेवणार आहे. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. तुम्हाला बोलावले कोणी? खर्च कोणी केला? तुम्ही सोबत काय नेता? आणि तुम्ही तेथे राहता किती? या प्रश्नांच्या उत्तरांवर ती सेवा आहे की सहल, हे ठरते.

हे प्रश्न मी हवेतून आणलेले नाहीत. या परिसराच्याच इतिहासात त्यांची उत्तरे देणारे एक उदाहरण आहे. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सैन्याजवळ माणसे होती, पण डॉक्टर नव्हते. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी जनतेला आवाहन केले. देशभर ‘चीन दिन’ पाळला गेला आणि २२ हजार रुपयांच्या निधीसाठी वर्गणी जमविण्यात आली. काँग्रेसला परराष्ट्र विभाग होता. १९३६ मध्ये तो डॉ. राममनोहर लोहिया यांच्याकडे सोपविला गेला होता. स्वतः गुलाम असलेल्या देशातील एका पक्षाला परराष्ट्र धोरण असावे, ही त्या काळातील राजकारणाची उंची होती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून निघाले. स्पेनच्या यादवी युद्धात काम केलेले अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा; म्हणजे जहाजावर पाऊल ठेवताना त्यांचे वय पूर्ण अठ्ठावीसही नव्हते. परळच्या शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले होते आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. तुमच्याहून ते फार मोठे नव्हते.

आता आपले चार प्रश्न त्यांना लावून पाहा. बोलावले कोणी? ज्यांच्या जखमा बांधायच्या होत्या त्यांनीच. खर्च कोणी केला? हजारो सामान्य माणसांनी, चार-चार आणे देऊन. नेले काय? परळच्या रुग्णालयात कमावलेले शस्त्रक्रियेचे कौशल्य, औषधे आणि एक रुग्णवाहिका. राहिले किती? इतर चौघे प्रकृती आणि परिस्थिती यांनुसार पुढेमागे परतले. कोटणीस मात्र परतलेच नाहीत. ते चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची बातमी आली, तरीही त्यांनी काम सोडले नाही. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईतील आठशेहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये याच आघाडीवर मरण पावले होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. तेथेच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला.

याच परळमध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराने १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि घराघरांत हे नाव गेले. चित्रपटाने लोकांच्या मनात ठसविला तो त्यांचा मृत्यू. तुम्ही कोटणीसांसारखे मरावे, असे सांगायला मी आलेलो नाही. मला त्यांच्या चरित्रातील एक कमी नाट्यमय गोष्ट अधिक मोलाची वाटते. ती म्हणजे ते चिनी भाषा शिकले. नुसते दुभाष्यावाचून बोलण्याइतके नव्हे, तर लिहिण्यावाचण्याइतके. तेथील विद्यार्थ्यांना त्यांनी त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकविली. म्हणजे आपण नसलो तरी काम चालावे, याची व्यवस्था त्यांनी केली. मदत करणारा माणूस स्वतःला अनावश्यक करण्याच्या मागे लागला आहे की नाही, ही सेवेची कसोटी आहे. त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमधून अॅक्युपंक्चरची विद्या शिकून भारतात आणली, हेही ध्यानात ठेवा. गेले ते देण्यासाठी; पण घेण्याइतकी नम्रताही त्यांच्यापाशी होती.

येथे कोणी म्हणेल, ते युद्ध होते, तो काळ वेगळा होता. काळ वेगळा होता हे खरे. म्हणून आजच्या सेवासहलींकडे तेच चार प्रश्न घेऊन जाऊ.

आज एखादी संस्था जाहिरात करते. दोन ते सहा आठवडे परदेशातील शाळेत शिकवा, अनाथाश्रमात मुलांबरोबर राहा, गावात भिंत बांधा. विद्यार्थी अर्ज करतो आणि शुल्क भरतो. विमानाचे तिकीटही त्याचेच. शेवटी प्रमाणपत्र मिळते. या व्यवहारात ग्राहक कोण आहे? अर्थशास्त्राचे पहिले तत्त्व असे की, जो पैसे देतो त्याच्या आवडीनुसार माल तयार होतो. येथे पैसे विद्यार्थी देतो, गाव देत नाही. साहजिकच कार्यक्रम आखला जातो तो विद्यार्थ्याच्या सुटीच्या तारखा, त्याची सोय आणि त्याचे समाधान पाहून. गावाला विहीर हवी असेल. पण विद्यार्थ्याला मुलांना शिकविण्यात आनंद वाटत असेल, तर गावाला इंग्रजीचा तास मिळतो, विहीर मिळत नाही. यात कोणाचा हेतू वाईट असण्याची गरज नाही. बाजाराची रचनाच तशी आहे.

हिशेब आणखी पुढे नेऊ. समजा, एका सहलीला सारे मिळून एक लाख रुपये लागले आणि तिकडच्या गावात गवंड्याची मजुरी दिवसाला पाचशे रुपये आहे. त्या लाखात गवंड्याचे दोनशे दिवसांचे काम झाले असते. त्याऐवजी ज्याने कधी थापी हातात धरली नाही अशा विद्यार्थ्याने पंधरा दिवस विटा रचल्या. भिंत वाकडी झाली तर ती पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च गावावर, आणि गवंड्याचा रोजगार बुडाला तो वेगळाच. शिकविण्याचेही तसेच. पंधरवड्यागणिक शिक्षक बदलला तर मुले शिकत नाहीत, पाहुण्यांची सवय मात्र शिकतात.

अनाथाश्रमांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. नेपाळ आणि कंबोडिया या देशांत असे आढळून आले की, ‘अनाथ’ म्हणून ठेवलेल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येतात, म्हणून गरीब घरांतून मुले गोळा केली जात होती. मागणी निर्माण झाली की पुरवठा होतो, हा नियम मुलांच्या बाबतीतही लागू पडावा, याहून लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. तेव्हा लहान मुलांच्या आश्रमात पंधरा दिवस ‘माया देण्या’ची सेवा कोणी सुचविली, तर निःशंकपणे नकार द्या.

परदेशी स्वयंसेवक आपल्याकडे आले तेव्हाचा अनुभवही तपासून पाहण्यासारखा आहे. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये भूकंप झाला. त्यानंतर पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता काही थोड्या सहकाऱ्यांसह तेथे आला आणि १९३७ पर्यंत उद्ध्वस्त गावांच्या पुनर्वसनाचे काम करीत राहिला. तो आपल्या विषयाचा जाणकार होता आणि हाताने काम करण्याची त्याला लाज नव्हती. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे चार हजारांहून अधिक तरुण १९६१ ते १९७६ या काळात भारतात आले. ती योजना शीतयुद्धाच्या राजकारणाचा भाग होती यात शंका नाही, आणि तिच्यावर डाव्यांनी केलेली टीका अनाठायी नव्हती. पण त्या योजनेतही स्वयंसेवकाला दोन वर्षे राहावे लागे आणि आधी भाषेचे शिक्षण घ्यावे लागे. ज्या महासत्तेला आपण नावे ठेवली, तिने घातलेली अटही आजच्या सेवासहली पाळीत नाहीत. १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे विचारवंत इव्हान इलिच यांनी मदतीसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते की, पाहायला या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका.

इलिच यांच्याइतक्या टोकाला मी जाणार नाही. बोलावल्यावर जाणे आणि न बोलावता जाणे, यांत मी फरक करतो. अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. २०२० मध्ये करोनाच्या साथीत मुंबईची रुग्णालये तुडुंब भरली. तेव्हा महाराष्ट्राने केरळकडे डॉक्टर आणि परिचारिका मागितल्या आणि केरळमधून पथक मुंबईत आले. गरज आपण सांगितली, कौशल्य त्यांनी आणले, आणि कोणाचीही मान खाली गेली नाही. मागणारा आणि देणारा समान पातळीवर उभे असतील तर मदतीत दया उरत नाही. ते सहकार्य होते. समाजवादी विचारात ‘बंधुभाव’ हा शब्द आपण वापरतो, त्याचा व्यवहारातील अर्थ हाच.

तुमच्यापैकी कोणी प्रामाणिकपणे म्हणेल, “सर, आम्ही जग बदलायला निघालेलो नाही. आम्हाला जग पाहायचे आहे, दृष्टी रुंदावायची आहे.” हा हेतू उत्तम आहे. मग त्याला अभ्याससहल म्हणा, आणि विद्यार्थी म्हणून जा. विद्यार्थी दक्षिणा देतो, प्रश्न विचारतो आणि आभार मानून परततो. त्यात कमीपणा काहीच नाही. खोट आहे ती शिकायला जाऊन शिकविण्याचा आव आणण्यात.

मला सर्वांत अधिक टोचते ती बाब वेगळीच आहे. सेवेच्या या प्रमाणपत्राला आता बाजारात भाव आला आहे. परदेशी विद्यापीठातील प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरीची मुलाखत, सर्वत्र ते दाखविले जाते. हे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी आधी लाखभर रुपये लागतात. लालबागच्या चाळीत राहणारा, सकाळी कॉलेज करून संध्याकाळी मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचविणारा मुलगा हे पैसे कोठून आणणार? घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीचे सारे करून परीक्षा देणारी मुलगी कोणते प्रमाणपत्र दाखविणार? तिची सेवा मोजली जात नाही, कारण तिच्यासाठी कोणी शुल्क घेतलेले नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतो. ते तास पूर्ण केलेल्या मुलाचा कागद फाइलीत पडून राहतो, आणि पंधरा दिवस परदेशात काढलेल्याचे छायाचित्र विद्यालयाच्या माहितीपत्रकावर झळकते. सेवा ही जर श्रीमंतांना आणखी पुढे नेणारी शिडी होणार असेल, तर आपण समतेच्या नावाने विषमताच वाढवीत आहोत.

मग काय करावे? जाऊच नये काय? असे मी म्हणत नाही. जाण्याची पात्रता कोठे तयार होते, तेवढे सांगतो.

कोटणीसांचे कॉलेज आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये परळला सुरू झाले. त्यामागे देणगीची एक अट होती: अध्यापकवर्ग हिंदीच असावा. वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवण्याच्या पद्धतीला ते उत्तर होते. गिरणगावातील कामगारांच्या आजारांवर उपचार करीत येथील तरुण डॉक्टर घडले. घरचे काम करता करता जे कौशल्य आले, तेच पुढे चीनच्या उपयोगी पडले. नारायण मल्हार जोशी यांचेही तसेच. त्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविली. आठ वर्षांनी, १९१९ मध्ये, वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेला ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. परळची आठ वर्षे गाठीशी असल्यामुळेच वॉशिंग्टनला त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही होते.

तीच शाळा आजही उघडी आहे. परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. बिहार, बंगाल, आसाम, उत्तर प्रदेश येथून कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी काहींची सोय होते. उरलेले पदपथावर ताडपत्रीखाली दिवस काढतात. त्यांना मराठी येत नाही, कित्येकांना अर्ज वाचता येत नाही, कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे हे कळत नाही. जो विद्यार्थी सहा महिने आठवड्यातून दोन दिवस तेथे जाईल, रुग्णालयाच्या समाजसेवकाच्या सूचनेप्रमाणे रांगेत उभा राहील आणि बंगाली किंवा भोजपुरी बोलायला शिकेल, त्याला परक्या भाषेतील माणसाची अडचण समजून घेण्याचे शिक्षण मिळेल. दुसऱ्याच्या हाताखाली, आपली छायाचित्रे न काढता, कंटाळवाणे काम नेमाने करता येते की नाही, हेही त्याला कळेल. परदेशी जाण्याची याहून चांगली पूर्वपरीक्षा मला माहीत नाही.

महाविद्यालयांनीही काही नियम करून घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. ज्या देशात जायचे तेथील स्थानिक संस्थेचे, कोणते काम आणि किती दिवस हे स्पष्ट लिहिलेले पत्र आल्याखेरीज एकाही विद्यार्थ्याला पाठवू नये. खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा आणि निवड कौशल्य व घरच्या कामाचा अनुभव पाहून व्हावी, म्हणजे लालबागच्या मुलालाही दार उघडे राहील. निघण्यापूर्वी त्या देशाच्या भाषेचे आणि इतिहासाचे निदान सहा महिन्यांचे शिक्षण असावे. तेथे काम स्थानिक माणसाच्या हाताखाली व्हावे, आणि त्या कामाचे मूल्यमापनही त्यांनीच करावे. आपले दहा विद्यार्थी तिकडे गेले तर तिकडचे दहा इकडे यावेत, आणि आपण त्यांच्यापुढे आपल्या शहराच्या जखमा न लपविता ठेवाव्यात. परतल्यावर प्रत्येकाने सभेत उभे राहून हिशेब द्यावा: किती खर्च झाला, त्यातून कोणाचे काय झाले, आणि आपल्यावाचून ते झाले असते की नाही.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना कित्येकांची जीभ अडखळेल. अडखळू द्या. त्या अडखळण्यातून पुढच्या वर्षी जाणारा अधिक तयारीने जाईल, किंवा येथेच एखादे काम हाती घेईल. दोन्हींत समाजाचा लाभ आहे.

पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांना एवढेच सांगेन की, आंतरराष्ट्रीय बंधुभाव ही आपली जुनी निष्ठा आहे. ती प्रवासकंपन्यांच्या स्वाधीन करू नका. १९३८ साली गरीब माणसांनी आणे जमवून पाच डॉक्टर पाठविले, कारण ज्यांना गरज होती त्यांनी हाक दिली होती. आजही जगात हाका ऐकू येत आहेत. युद्धात रुग्णालये उद्ध्वस्त झालेली शहरे आहेत, बुडत चाललेली बेटे आहेत, आणि आपल्या शेजारीच निर्वासितांच्या छावण्या आहेत. त्यांची हाक येईल तेव्हा आपल्याकडे उत्साही पाहुण्यांपेक्षा उपयोगी पडणारी माणसे तयार असावीत. ती तयारी करण्यासाठी व्हिसा लागत नाही. परळचा पदपथ येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि उद्या सकाळी तेथे कोणीतरी चुकीच्या खिडकीपाशी उभे असणार आहे.